आधी वही, मग पिशवी, मग डॉक्टर: घरातल्या ज्येष्ठांच्या विस्मरणाची तपासणी

मनोविकार विभागाच्या ओपीडीत समाजसेवक म्हणून नोंदी घेताना एक प्रसंग दर आठवड्याला बघायला मिळतो. मुलगा टेबलावर एमआरआयचं भलंमोठं पाकीट ठेवतो. डॉक्टर ते बाजूला सारून विचारतात, "केव्हापासून?" मुलगा म्हणतो सहा महिने. सून म्हणते, दोन वर्षं तरी झाली. दुसऱ्या गावाहून आलेली मुलगी म्हणते, आईला काही झालेलंच नाही, कोणी तिच्याशी बोलत नाही म्हणून ती अशी वागते. आई तिघांकडे आळीपाळीनं बघत राहते.

स्कॅन आधी, झोपेची गोळी त्याच्या मागोमाग आणि माहिती गोळा करणं सगळ्यात शेवटी, असा बहुतेक घरांचा क्रम असतो. त्याआधी 'साठी बुद्धी नाठी' म्हणत दोन वर्षं गेलेली असतात ती वेगळीच. खाली जो क्रम दिला आहे तो जवळपास याच्या उलटा आहे, आणि त्यातल्या पहिल्या तीन टप्प्यांच्या माहितीला एका वहीपलीकडे फारसा खर्च लागत नाही.

## १. अचानक झालं की हळूहळू?

हा प्रश्न सर्वांत आधी, कारण उत्तर 'अचानक' असेल तर पुढचं वाचत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

परवापर्यंत स्वतःचा पेपर स्वतः वाचणारे अण्णा आज भिंतीवर नसलेल्या मुंग्या वेचतायत, दुपारी ठीक आणि रात्री पुन्हा बेभान, असं असेल तर ते एका रात्रीत सुरू झालेलं म्हातारपण नाही. डॉक्टरांच्या भाषेत हा डेलिरियम. कारण बहुधा मेंदूच्या बाहेर सापडतं: लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, पोटात पाणी कमी जाणं, लघवी तुंबणं, कित्येक दिवस पोट साफ न होणं, नव्यानं सुरू झालेली एखादी गोळी. खुब्याच्या ऑपरेशननंतर हे वरचेवर दिसतं. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही, त्यामुळे 'अंग गार आहे, मग कसला आजार' हा हिशेब चुकतो.

डेलिरियमचा एक शांत प्रकार असतो आणि तो जास्त हुकतो. माणूस आरडाओरड करत नाही, नुसता ग्लानीत पडून राहतो, घास तोंडात धरून ठेवतो. घरचे म्हणतात, "आज जरा शांत आहेत, झोपू दे." झोपू देऊ नका.

इशारा: चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात लुळा, बोबडी वळलेली यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'सकाळी बघू' म्हणालात की ती वेळ गेली.

तपासून घ्या: गेल्या दोन महिन्यांत पडणं झालं होतं का? डोकं आपटलं, तेव्हा काही वाटलं नाही, आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस सुस्त आणि गोंधळलेला दिसू लागला, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत असू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शक्यता आणखी वाढते. अशा वेळी मात्र स्कॅन पहिला.

## २. पंधरा दिवसांची वही

हळूहळू वाढत गेलेलं असेल तर एक दोनशे पानी वही घ्या आणि पंधरा दिवस रोज दोन-तीन ओळी लिहा. लिहायची घटना, मत लिहायचं नाही. 'आई फार हट्टी झाली आहे' यातून डॉक्टरांना काही कळत नाही. 'मंगळवारी भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले, मी सांगितल्यावर तोच चोर आहे म्हणाली' यातून बरंच कळतं.

नाव आठवत नाही, चष्मा सापडत नाही, याला फार महत्त्व देऊ नका. रोजचं जमत असलेलं काम जमेनासं झालं आहे का, ते बघा. आपल्या घरांत हे बघणं अवघड असतं, कारण काम आधीच कोणीतरी हातातून काढून घेतलेलं असतं. सासूबाई स्वयंपाकघरात जात नाहीत, सुनेला वाटतं की बरं झालं, आता आराम करतात. प्रत्यक्षात कुकरच्या शिट्ट्या मोजणं जमेना, पुरण शिजवताना क्रम चुकू लागला, म्हणून त्या स्वतःच गुपचूप बाजूला झालेल्या असतात. बाबांचं पासबुक भरून आणणं, दूधवाल्याचा हिशेब, नोव्हेंबरातला पेन्शनचा हयातीचा दाखला ही कामं कधी आणि का सुटली, ते आठवून लिहा.

वहीत ही पानं असू द्या:

- औषधं, पैसे, फोन, स्वयंपाक, अंघोळ, बाहेर जाऊन घरी परत येणं: प्रत्येकापुढे स्वतः, आठवण करून दिल्यावर, किंवा अजिबात नाही.
- झोप, भूक, वजन, लघवीवरचा ताबा.
- चाल बदलली आहे का. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी न थांबणं आणि विस्मरण ही तिन्ही एकत्र असतील तर ते ठळक लिहा. मेंदूतलं पाणी साठून असं होऊ शकतं आणि त्यावर ऑपरेशन असतं.
- नसलेली माणसं किंवा प्राणी दिसणं, झोपेत हातपाय झाडणं, घरच्यांवर संशय.
- आवडीच्या गोष्टींतला रस. भजनी मंडळ, मालिका, नातवंडं, सगळंच नकोसं झालं आहे का?

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम सविस्तर सांगतो. उतारवयातलं नैराश्य हुबेहूब विस्मरणासारखं दिसू शकतं. अशी व्यक्ती रडेलच असं नाही. अंग दुखतं, गॅस होतो, डोकं जड आहे अशाच तक्रारी करेल, आणि काहीही विचारलं की "मला नाही माहीत" म्हणून मोकळी होईल. स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेली व्यक्ती मात्र पुष्कळदा उत्तर जुळवून देते, किंवा सोबतच्या माणसाकडे मान वळवते. हा फरक पक्का नियम नाही, दोन्ही आजार एकत्रही असतात, पण वहीत उतरला तर उपयोगी पडतो.

इशारा: "आता देवानं न्यावं" हे वाक्य आपण सवयीनं कानाआड करतो. एकदा शेजारी बसून सरळ विचारा: जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' असेल तर पंधरा दिवस थांबू नका. माणसाला एकटं सोडू नका, कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा घराबाहेर ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

तपासून घ्या: 'केव्हापासून' या प्रश्नाचं एक उत्तर सगळ्या भावंडांनी मिळून ठरवा. तारीख आठवत नाही, सण आठवतात. धाकट्याच्या लग्नात आहेराचा हिशेब आईनंच ठेवला होता ना? मग त्यानंतरचा गणपती? तेव्हा मोदक कोणी केले? असं मागे मागे जात राहिलात की वर्ष सापडतं. तो ओपीडीत करायचा वाद घरीच उरकून या.

## ३. औषधांची पिशवी

घरातली प्रत्येक स्ट्रिप, बाटली, पुडी, डोळ्यांचे थेंब, मलम एका पिशवीत भरा. 'फक्त बीपीची चालू आहे' असं म्हणणाऱ्या घरांतून नऊ-दहा प्रकार निघतात. शेजारच्या काकूंनी दिलेली झोपेची गोळी, मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय दिलेली सर्दीची गोळी, जत्रेतून आणलेलं चूर्ण, हे सगळं त्यात यायला हवं.

यातली काही औषधं स्वतःच म्हाताऱ्या मेंदूला धुकं आणतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या आणि घाबरेपणाच्या गोळ्या. सर्दी-खाजेवरचं क्लोरफेनिरामाइन. नसांच्या दुखण्यावर दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिन. वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन. कंपासाठी किंवा मानसिक आजाराच्या गोळ्यांबरोबर दिलं जाणारं ट्रायहेक्सीफेनिडिल. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या काही गोळ्या सोडियम उतरवतात. साखरेची ग्लिमेपिराइड घेतली आणि जेवायचं विसरलं, तर साखर उतरून होणारा गोंधळ वरवर बघणाऱ्याला वेडेपणाच वाटतो.

इशारा: हे वाचून कोणतीही गोळी आजच बंद करू नका. वर्षानुवर्षं चाललेली झोपेची गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. ती हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करतात.

आणखी एक सापळा. बाबा निम्म्या गोळ्या विसरतात, म्हणून बीपी वाढलेलं दिसतं. डॉक्टर डोस वाढवतात. मग एक दिवस मुलगी राहायला येते आणि सगळ्या गोळ्या वेळेवर देऊ लागते. तिसऱ्या दिवशी बाबा चक्कर येऊन न्हाणीघरात पडतात. औषधं स्वतः हातात घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की आतापर्यंत ती नीट घेतली जात नव्हती. रिकाम्या स्ट्रिपा मोजल्या की खरं काय ते कळतं.

## ४. कान, डोळे आणि रक्त

कानात मळ भरलेला असेल तर प्रश्नच ऐकू येत नाही, उत्तर कुठून येणार? कान तपासून घ्या, श्रवणयंत्र असेल तर त्याचा सेल बघा. मोतीबिंदू पिकलेला असेल तर संध्याकाळी खुंटीवरचा सदरा माणूस वाटतो.

रक्ताच्या चाचण्या सहसा अशा असतात: हिमोग्राम, साखर, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, किडनी, लिव्हर, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२. गरजेनुसार डॉक्टर आणखी सांगतील. शाकाहारी घरांत, तसंच साखरेचं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी सापडणं नित्याचं आहे.

नेहमीची चूक: 'अशक्तपणा आहे' म्हणून आधी बी-१२ची इंजेक्शनं टोचून घ्यायची आणि नंतर रक्त तपासायचं. मग आकडा चांगलाच येतो आणि मूळ कमतरता किती होती ते कळायचा रस्ता बंद होतो. आधी रक्त, मग सुई. सुई आधीच झाली असेल तर तारीख सांगा.

## ५. कोणाकडे जायचं, आणि त्या दिवशी काय करायचं

मनोविकारतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ, तिघांपैकी कोणीही सुरुवात करू शकतं. चाल, कंप, फिट, अर्धांगवायू यांच्या खुणा असतील तर मेंदूविकारतज्ज्ञ बरे. संशय, भास, उदासी, झोप यांचा त्रास मोठा असेल तर मनोविकारतज्ज्ञ. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. ओपीडीचा वार विचारून जा.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता मिळतं. ते दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघेल असं धरून चालू नका.

घरून निघताना 'लग्नाला जाऊ' असं खोटं सांगून आणलेली माणसं ओपीडीच्या दारात संतापतात आणि पुन्हा कधी येत नाहीत. "आई, बीपी, साखर आणि डोक्याची, सगळीच तपासणी एकदा करून घेऊ" एवढं खरं आणि पुरेसं.

सकाळची वेळ घ्या, खाऊन निघा. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र बरोबर. जो चोवीस तास सोबत राहतो तोच आत यायला हवा. पैसे देणारा मुलगा बाहेर बसला तरी चालेल. आईसमोर तिच्या चुकांची यादी वाचू नका. वहीतला सारांश एका पानावर उतरवा आणि केसपेपरबरोबर तो कागद सरकवा.

मग स्मरणाची चाचणी होते. आजची तारीख, तीन शब्द लक्षात ठेवणं, उलटी वजाबाकी, घड्याळ काढणं. नेहमीची चाचणी ३० गुणांची असते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींना त्यात कमी गुण पडणारच, आणि निवृत्त प्राध्यापक सुरुवातीच्या आजारातही चांगले गुण काढतात. म्हणून शिक्षण किती आणि घरी बोली कोणती, ते आधीच सांगा. निरक्षरांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत.

नेहमीच्या चुका: रिक्षात तारीख आणि वार घोकून घेणं. "सांग ना आई, आपले मुख्यमंत्री कोण?" म्हणून कोपरानं ढोसणं. हा दहावीचा पेपर नाही. पास करवलंत तर आजार लपेल.

एवढं झाल्यावर डॉक्टर सीटी किंवा एमआरआय सांगतात. रिपोर्टात 'वयानुसार मेंदू आकसला आहे' असं लिहून आलं की घर हादरतं. ते वाक्य ठणठणीत सत्तरीतल्या माणसाच्या रिपोर्टातही असतं. त्यावरून आजार ठरत नाही आणि नाकारताही येत नाही. स्कॅनचा मोठा उपयोग गाठ, रक्तस्राव, साठलेलं पाणी, जुने झटके शोधायला होतो.

## ६. निदान ऐकताना

'डिमेन्शिया' एवढ्यावर उठू नका. कोणत्या प्रकारचा वाटतो ते विचारा: अल्झायमर, रक्तवाहिन्यांचा, लेवी बॉडीचा की मिश्र. पुढची औषधं त्यावर ठरतात.

स्मरणशक्तीसाठीचं डोनेपेझिल सुरू झालं तर ते सहसा ५ मिलिग्रॅमनं सुरू होतं आणि चार-सहा आठवड्यांनी गरजेप्रमाणे १० केलं जातं. मळमळ, जुलाब, विचित्र स्वप्नं पडू शकतात. नाडी मंद होऊन चक्कर येऊ शकते, त्यामुळे हृदयाचा त्रास आधीपासून असेल तर सांगा. या औषधानं आजार बरा होत नाही, काही जणांची घसरण काही काळ हळू होते. पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून बंद करणारे खूप भेटतात. 'आई आणखी बिघडली नाही' हाही फरक असतो, पण तो दिसत नाही, ही खरी पंचाईत.

इशारा: संशय, मारहाण, भास यांसाठी दिलेल्या गोळ्यांनी, म्हणजे रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल यांसारख्या औषधांनी, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ सालीच नव्या औषधांसाठी हा ठळक इशारा दिला, आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही तो लावला. कधी कधी त्या लागतातच, नाकारू नका. पण तीन प्रश्न विचारा: नेमक्या कोणत्या त्रासासाठी, किती आठवडे, आणि कमी कधी करायची? घरभर फिरणं किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं यावर त्यांचा उपयोग होत नाही. डोळ्यांसमोर माणसं दिसणं आणि अंगाचा ताठरपणा दोन्ही असतील तर गोळी घेण्याआधी सांगा. लेवी बॉडीच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉल जिवावर बेतू शकतं.

## ७. सह्या, त्याच महिन्यात

हा टप्पा सगळे शेवटी ठेवतात. निदानानंतर तो पहिला घ्या, कारण सुरुवातीच्या काळात व्यक्तीला स्वतःचं भलंबुरं कळत असतं. निदान झालं म्हणून सही करायचा हक्क जात नाही. त्या दिवशी, त्या विषयापुरतं समजतं का, हे महत्त्वाचं.

'मुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता काळजी नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची बुद्धी अस्थिर झाली की मुखत्यारपत्राचा अधिकारच संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं त्याच दिवशी ते निरुपयोगी. नंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून आत्ताच करा:

- बँक खातं संयुक्त करणं, सगळीकडे नॉमिनीची नोंद तपासणं.
- मृत्युपत्र. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं मानसिक क्षमतेचं प्रमाणपत्र जोडलंत तर पुढची भांडणं कमी होतील.
- मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधी, आणि उपचार कसे हवेत, कसे नकोत याची आगाऊ लेखी सूचना.

कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवू नका. झोपलेल्या आईचा अंगठा लावणारेही पाहिलेत.

## ८. घरात, तिन्हीसांजेला

दिवेलागणीच्या सुमाराला अस्वस्थता वाढते. आई चाळीस वर्षं त्याच घरात राहूनही म्हणते, "मला घरी जायचंय." हेच घर आहे असं पटवू नका. दिवे लवकर लावा, आणि आधी बघा: लघवीला लागली आहे का, भूक, दुखणं, पोट साफ झालंय का. मग म्हणा, "जाऊ या, चहा घेऊन." चहा होईपर्यंत बहुधा विषय मागे पडतो.

गॅसचा मुख्य कॉक रात्री बंद, न्हाणीघराला आतून कडी नको, खिशात नाव आणि मुलाचा फोन लिहिलेली चिठ्ठी. माणसाला एकटं कोंडून बाहेर जाऊ नका. ब्युरोची बाई ठेवलीत तर पहिले तीन दिवस सोबत राहून आईच्या सवयी दाखवा.

तपासून घ्या: महिनोन्‌महिने स्थिर असलेला माणूस एकाएकी आक्रमक झाला किंवा ग्लानीत गेला, तर 'आजार वाढला' म्हणून गोळी वाढवू नका. पुन्हा टप्पा १.

जो सांभाळतो त्याला आठवड्यातून एक अर्धा दिवस ठरवून सुट्टी द्या. जमलं तर द्यायची, असं ठेवलंत तर ती कधीच मिळत नाही. लांब राहणाऱ्या भावंडांनी फोनवरून सल्ले देण्याऐवजी ही पाळी उचलावी. निवारा, छळ, पेन्शन अशा अडचणींसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

पुढच्या भेटीला वहीचं नवं पान, पूर्ण पिशवी आणि वजन घेऊन या. वजन सगळे विसरतात. आईला जेवल्याचं आठवत नाही तसंच न जेवल्याचंही आठवत नाही, शिवाय डोनेपेझिलनं भूक मंदावू शकते, आणि तीन महिन्यांत सहा किलो उतरलेले असतात ते पहिल्यांदा ब्लाउज सैल झाल्यावर लक्षात येतं. घरी काटा नसेल तर किराणावाल्याच्या धान्याच्या काट्यावर उभं करा, महिन्याच्या एक तारखेला.